बडोद्यातून क्यूबाची बारा जणांची टूर: आधी डिझेल विचारा, मग समुद्रकिनारे

क्यूबाची ग्रुप टूर दांडिया बाजारातल्या एजंटाकडून घ्या किंवा मुंबईच्या मोठ्या कंपनीकडून, बेटावर ती चालवणार हवानातलाच कोणीतरी ऑपरेटर. बारा माणसं, एक मिनीबस, इंग्रजी बोलणारा गाइड, हॉटेलऐवजी लोकांच्या घरी मुक्काम. रात्री दहा: हवाना ३, विन्यालेस २, प्लाया लार्गा १, त्रिनिदाद २, वारादेरो १, शेवटची पुन्हा हवाना. थोड्याफार फरकाने सगळ्यांचा साचा हाच. टूर घेण्यासारखी आहे, पण वारादेरोची रात्र काढून ती त्रिनिदादला जोडून घ्या, आणि डिझेलबद्दल लेखी उत्तर मिळेपर्यंत ॲडव्हान्स भरू नका.

डिझेल आधी, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. क्यूबात इंधनाची टंचाई आहे. ती कमी-जास्त होते, पण जात नाही. स्वतः गाडी भाड्याने घेतली तर सुट्टीतला चांगला वेळ पंपाच्या रांगेत जातो, आणि रांगेच्या शेवटी टाकी भरेलच असं नाही. ग्रुप टूरचा खरा फायदा इथे आहे: तेल शोधण्याची डोकेदुखी ऑपरेटरची. म्हणून एजंटाला तीन गोष्टी विचारा. बस कोणाची, सरकारी कंपनीची की खासगी? तेलाची तजवीज कोणाकडे? आणि तेल मिळालं नाही तर कार्यक्रमातलं काय आधी गळणार? ‘सर, तिथे सगळं ॲडजस्ट होतं’ असं उत्तर आलं तर त्याने ऑपरेटरला विचारलेलंच नाही असं समजा. दहा रात्रींत सांतियागो दे क्यूबासुद्धा दाखवतो म्हणणाऱ्याकडून तर उठून या. ते हवानापासून साडेआठशे किलोमीटरहून लांब आहे आणि रस्त्यांची अवस्था बघता एका बाजूचाच एक आख्खा दिवस बसमध्ये जातो.

दुसरी गोष्ट वीज. १८ ऑक्टोबर २०२४ला देशाचं अख्खं ग्रिड कोसळलं आणि त्यानंतरही असं अनेकदा झालं. हवानाबाहेर रोजची वीजकपात तर गृहीतच धरायची. मुक्कामाची घरं, म्हणजे ‘कासा पार्तिक्युलार’, दारावरच्या निळ्या, जहाजाच्या नांगरासारख्या खुणेवरून ओळखू येतात. घरं स्वच्छ असतात, बहुतेक ठिकाणी खोलीला स्वतंत्र बाथरूम आणि एसी असतो. पण वीज गेली की पंप बंद, आणि वरची टाकी रिकामी असेल तर नळही बंद. त्यामुळे ‘एसी आहे का’ यापेक्षा ‘इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का, आणि टाकी किती मोठी’ हा प्रश्न कामाचा. बारा जण एका घरात मावत नाहीत. तीन-चार घरांत वाटले जातात आणि घरं सारखी नसतात. गुडघेदुखीवाल्यांना तळमजला हवा असेल तर तो बुकिंगच्या वेळीच नावानिशी लिहून घ्या, तिथे पोचल्यावर अदलाबदल होत नाही.

विजेचा दाब बहुतेक ठिकाणी ११० व्होल्ट, प्लग अमेरिकन चपट्या पिनांचा. मोबाइलचा चार्जर चालतो. आपली २३० व्होल्टची चहाची किटली लावाल तर पाणी कोमट होईपर्यंत बस सुटलेली असेल. शॉवरच्या तोंडाशीच विजेचा हीटर बसवलेला असतो. पाणी चालू असताना त्याला हात लावू नका. कागद कमोडमध्ये नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, नाहीतर पाइप तुंबतो.

कागदपत्रांचं बघायचं तर भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा लागतो आणि त्याखेरीज ‘दे-विआहेरोस’ हा ऑनलाइन फॉर्म पोचण्याच्या आधीच्या सात दिवसांत भरायचा असतो. त्याचा क्यूआर कोड मोबाइलमध्ये ठेवाच, पण कागदावरही छापून घ्या. वैद्यकीय विमा सक्तीचा. पॉलिसीत ‘जगभर’ लिहिलं म्हणजे झालं असं नाही. निर्बंध असलेल्या देशांचं कलम वाचा, त्यात क्यूबाचं नाव असेल तर ती पॉलिसी तिथे कागदाचा तुकडा. भारतातून थेट विमान नाही. मुंबई किंवा अहमदाबाद गाठून इस्तंबूल नाहीतर युरोपातल्या एखाद्या विमानतळावरून पुढे जायचं. कॅनडामार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. युरोपात देशागणिक नियम वेगळे, तेव्हा ट्रान्झिटचं उत्तर विमान कंपनीकडूनच लेखी घ्या. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर हवीत, नाहीतर मधल्या विमानतळावर बॅगा स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि तिथे व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. निघण्याच्या आठवड्यात विमान चालू आहे ना हेही बघा. इंधनाच्या टंचाईची झळ त्यांनाही लागते.

बडोद्यात घरटी कोणीतरी परदेशी स्थायिक असतं आणि ‘आम्हीपण थेट तिकडे येतो’ असा बेत हमखास निघतो. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना त्यांच्याच सरकारच्या नियमांनी क्यूबात नुसतं पर्यटनासाठी जाता येत नाही. ठरावीक बारा कारणांपैकी एकात बसावं लागतं. ब्रिटिश पासपोर्टवाल्या भाच्याला येता येईल, पण १२ जानेवारी २०२१ नंतर क्यूबाला जाऊन आलेल्याला अमेरिकेसाठी ‘एस्टा’, म्हणजे व्हिसाऐवजी मिळणारी ऑनलाइन परवानगी, मिळत नाही, पूर्ण व्हिसाच काढावा लागतो. बेत ठरण्याआधी हे त्याच्या कानावर घाला.

पैसे युरोत न्या, रोख, ५, १० आणि २०च्या नोटांत. फाटकी, पेनाने लिहिलेली नोट कोणी घेत नाही. अमेरिकन बँकेचं कार्ड चालतच नाही, आपल्या फॉरेक्स कार्डावरही भिस्त ठेवू नका. सरकारी दर आणि बाजारातला दर यांत तफावत असते. घरमालक किंवा गाइड सांगेल तो अंदाज घ्या, पण रस्त्यात ‘चेंज, चेंज’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तिथले पेसो थोडेच घ्या. उरलेले परत बदलून मिळणं कठीण. टिप पॅकेजमध्ये धरलेली नसते. गाइड आणि ड्रायव्हर मिळून माणशी रोज ३ ते ५ युरो बाजूला ठेवा.

हवानाचे तीन दिवस योग्य आहेत. जुन्या शहराचे चार चौक, प्लासा व्हिएहा, सान फ्रान्सिस्को, आर्मास आणि कॅथेड्रल, पायी तीन तासांत होतात. सकाळी साडेआठला निघा, अकरानंतर ऊन सोसत नाही. हे जुनं शहर १९८२पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. नीट रंगवलेल्या चौकातून एक गल्ली आत वळलं की टेकू लावलेल्या बाल्कन्या आणि दोरीने वर ओढलेल्या भाजीच्या पिशव्या दिसतात. गाइड चौकाचौकातूनच नेत असेल तर त्याला गल्ल्यांतून न्यायला सांगा. काबान्या किल्ल्यावर रोज रात्री नऊला तोफ उडवतात. सव्वाआठपर्यंत पोचलात तर कठड्यालगत जागा मिळते. पन्नासच्या दशकातल्या उघड्या अमेरिकन गाडीची तासाभराची फेरी बहुधा पॅकेजमध्येच असते. गुलाबी रंगाच्या बॉनेटखाली बऱ्याचदा भलत्याच गाडीचं डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि धूर मागच्या सीटवर येतो, तेव्हा ज्यांना मळमळतं त्यांना पुढे बसवा. समुद्रकाठचा मालेकोन रस्ता संध्याकाळी सुरेख. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की लाटा भिंत ओलांडतात आणि पोलीस तो बंद करतात.

टूरचा गाभा मात्र विन्यालेस. हवानापासून सुमारे १८० किलोमीटर, अडीच-तीन तास. लाल माती, लाकडी नांगराला जुंपलेले बैल आणि सपाट शेतांमधून सरळ वर आलेले चुनखडीचे डोंगर, ज्यांना ‘मोगोते’ म्हणतात. इथे तारखेला फार महत्त्व आहे. तंबाखूची लावण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. फेब्रुवारीत गेलात तर शेत उभं असतं आणि वाळवणीच्या उंच, झावळ्यांनी शाकारलेल्या खोपटात काठ्यांवर पानं लटकलेली असतात. खालच्या काठ्यांवरची हिरवी, वर जावं तशी पिवळी आणि तपकिरी, आणि आत गेल्याबरोबर डोळ्यांना झोंबणारा उग्र वास. ऑगस्टमध्ये याच खोपटात रिकाम्या काठ्या बघाल. शेतकरी पानाची मधली शीर काढून, आत भरायची पानं गुंडाळून वरचं पान चढवतो आणि मधाने चिकटवतो. पिकातला सुमारे नव्वद टक्के वाटा सरकारला जातो, उरलेल्याच्या या सिगार, ब्रँडची पट्टी नसलेल्या. घ्यायच्या तर वीसच्या आत घ्या: सुट्या सिगार पावतीशिवाय तेवढ्याच बाहेर नेता येतात. भारतात करमुक्त मर्यादा २५.

घोड्यावरची फेरी तीन-चार तासांची. हेल्मेट बहुधा नसतं, रिकिबी आखूड-लांब करून घ्याव्या लागतात, आणि पाऊस झाला असेल तर लाल चिखलात घोडे घसरतात. साठीच्या पुढच्यांनी ती सरळ पायी करावी, दिसतं तेच. डोंगरावर रंगवलेलं, प्रागैतिहासिक काळ दाखवणारं आधुनिक भित्तिचित्र सुमारे १२० मीटर उंच आहे, आणि मोठं असण्यापलीकडे त्यात काही नाही. बसमधून बघा.

विन्यालेसहून थेट त्रिनिदाद गाठणारी टूर नको. सात-आठ तासांचा तो प्रवास कंबर मोडतो. मध्ये प्लाया लार्गाला रात्र असलेलीच घ्या. डुकरांच्या उपसागराचं हे टोक. १९६१चं आक्रमण याच किनाऱ्यांवर उतरलं. काठाजवळच प्रवाळ सुरू होतं, त्यामुळे पोहता येणाऱ्याला बोटीची गरज नाही, मास्क-स्नॉर्कल मात्र घरून न्या. तिथले मास्क गळके. मार्च ते मे या काळात लाखो लाल खेकडे जंगलातून समुद्राकडे रस्ता ओलांडतात. चिरडलेल्या खेकड्यांच्या नांग्यांनी टायर पंक्चर होतात, म्हणून ड्रायव्हर पहाटे आणि संध्याकाळी तिथून जायला कुरकुरतो, आणि ते बरोबरच आहे. शेजारी सापाताची दलदल. डास भरपूर, डेंगी-चिकनगुनियाच्या साथी येतात. ओडोमॉस आणि रोजची सगळी औषधं इथूनच, कारण तिथल्या दुकानांत पॅरासिटामॉलही मिळेलच असं नाही.

सिएनफुएगोस वाटेत दोन तास, पुरे. फ्रेंचांनी १८१९मध्ये वसवलं, रस्ते सरळ, चौक देखणा.

त्रिनिदाद १५१४चं. गावात मोठे गोटे बसवलेले आहेत, बस बाहेरच थांबते आणि बॅग ओढत न्यावी लागते. चाकं तुटण्याची ही हुकमी जागा. चार चाकांच्या स्पिनरपेक्षा पाठीवरची सॅक बरी. दोन रात्रींत गाव, साखर कारखान्यांचं खोरं आणि आंकोनचा किनारा कोंबला की एकही धड होत नाही, म्हणून तिसरी रात्र मागा. खोऱ्यातला मानाका इस्नागाचा मनोरा सुमारे ४५ मीटर. त्यावरच्या घंटेने गुलामांचा दिवस सुरू व्हायचा आणि संपायचा. आंकोन १२ किलोमीटरवर, पाणी उथळ आणि उबदार. सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी तिथून निघा, कारण तेव्हा बारीक वाळूमाश्या बाहेर पडतात आणि त्यांचे चावे आठवडाभर खाजतात.

परतीला सांता क्लाराला चे गेव्हाराचं स्मारक. सोमवारी बंद, आत पिशवी-कॅमेरा नेऊ देत नाहीत. एजंटाने तुमचा तो दिवस सोमवारवर आणला आहे का ते कॅलेंडरवर बघा. वारादेरोची वाळू वीस किलोमीटर लांब आणि खरंच पांढरी आहे, पण एका रात्रीत दुपारी चारला खोली मिळते आणि सकाळी अकराला सोडावी लागते.

शाकाहाऱ्यांची सोय होते, पण सांगावं लागतं. काळा घेवडा घालून केलेल्या भातात डुकराची चरबी असू शकते. नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हटलं तर गोमांस नको एवढाच अर्थ घेऊन हॅम वाढतात. ‘सिन हामोन, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका’ (हॅम, कोंबडी, मासे, डुकराची चरबी नको) असं कागदावर लिहून गाइडकडे द्या. तळलेली कच्ची केळी, लसणीचा कसावा, मलांगा या अळकुडीसारख्या कंदाची भजी, पपई, पेरू, सकाळी अंडी आणि कडक कॉफी हे भरवशाचं. तिखट मात्र कशालाच नाही. खाकरे, सुकी चटणी आणि मेतकूट सीलबंद न्या. थेपले पहिले तीन-चार दिवस टिकतात.

रम आणायची असेल तर ती चेक-इन बॅगेतच ठेवा, मधल्या विमानतळावर हातातल्या बाटल्या अडकतात. मुंबईत कस्टम दोन लिटरपर्यंत सोडतं. पण परमिटशिवाय तीच बाटली घेऊन बडोद्याच्या गाडीत बसलात तर गुजरातची हद्द लागताच दारूबंदीमुळे तो गुन्हा आहे. तेव्हा ती दादर-ठाण्याच्या नातेवाइकांसाठीच घ्या, आणि अहमदाबादला उतरणार असाल तर घेऊच नका.