प्रसार भारतीची सेवा: इंदूरच्या एका मराठी घरातून

आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचे मासिक बिल कोणाच्याही दारात येत नाही, म्हणून तिच्या सेवेचे परीक्षण करावे असे सहसा कोणाला सुचत नाही. रेडिओचा परवाना टपाल कचेरीत जाऊन नूतनीकरण करून घेण्याची पद्धत १९८० च्या दशकातच संपली आणि तेव्हापासून आपण या संस्थेला जे देतो ते करातून, नकळत देत असतो. इंदूरच्या मराठी घरात ती मुख्यतः तीन वाटांनी पोहोचते: छतावरची डीडी फ्री डिशची छत्री, फोनमधले न्यूज ऑन एआयआर हे अ‍ॅप आणि मालवा हाउसमधले आकाशवाणी केंद्र.

यांपैकी छत्री ही सर्वांत कमी खर्चाची आणि बहुधा सर्वांत कमी कौतुक झालेली गोष्ट आहे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेसाठी छत्री, तिच्यावरचा संकेत पकडणारा भाग (एलएनबी) आणि सेट टॉप बॉक्स मिळून साधारण दोन हजार रुपयांच्या आत एकदाच खर्च होतो व त्यानंतर दरमहा काहीही भरावे लागत नाही. खासगी वाहिन्या या मंचावर जागा मिळवण्यासाठी ई-लिलावात कोट्यवधींची बोली लावतात, त्यामुळे प्रेक्षकाकडे पैसे मागण्याची गरज उरत नाही. सह्याद्री ही दूरदर्शनची मराठी वाहिनी येथे मराठी पॅकेज न घेता दिसते, आणि ज्या घरातील वडीलधाऱ्यांना संध्याकाळच्या मराठी बातम्या हव्या असतात त्यांच्यासाठी एवढे एकच कारण पुरेसे आहे. घेताना मात्र चौकसपणा हवा. आमच्या भागातील एका दुकानदाराने ‘यात सगळे येते’ असे सांगून एमपेग-२ या जुन्या चित्रसंकेत पद्धतीचा बॉक्स आमच्या गळ्यात मारला होता. काही वाहिन्या केवळ एमपेग-४ या नव्या पद्धतीतच येत असल्याने तेवढे आधी विचारून घ्यावे. ही सेवा ज्यावरून येते तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्यामुळे इंदुरात छत्रीचे तोंड आग्नेयेकडे करावे लागते, म्हणून त्या दिशेला उंच इमारत किंवा झाड नसावे. मुसळधार पावसात, छत्री ज्या केयू बँड या लहरींवर चालते त्यांचे संकेत क्षीण होतात आणि चित्र गोठते. हा दोष प्रत्येक डीटीएच सेवेत आहे, परंतु पावसाची बातमी पाहण्याची वेळही नेमकी तीच असते. त्या वेळी रेडिओच उपयोगी पडतो.

क्रिकेटच्या बाबतीत ही छत्री खासगी जोडण्यांपेक्षा वरचढ ठरते. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्यांचे संकेत हक्कधारक कंपनीला प्रसार भारतीला द्यावेच लागतात. त्यातून मिळणाऱ्या जाहिरात उत्पन्नाची वाटणी दूरचित्रवाणीसाठी, मोठा वाटा हक्कधारकाकडे ठेवून, ७५:२५ आणि रेडिओसाठी ५०:५० अशी होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असे ठरवले की हे संकेत दूरदर्शनच्या स्वतःच्या भूप्रक्षेपणावर (जमिनीवरील मनोऱ्यांवरून होणाऱ्या प्रसारणावर) आणि फ्री डिशवरच दाखवता येतील. खासगी केबल किंवा डीटीएचवरील दूरदर्शनच्या वाहिनीवर तोच सामना का दिसत नाही, याचे उत्तर या निकालात आहे. रेडिओवरील समालोचनाचा तर इंदूरला अभिमानच असायला हवा, कारण होळकर स्टेडियममधील समालोचन कक्षाला ज्यांचे नाव दिले आहे ते सुशील दोशी याच शहराचे.

रेडिओवर मी अधिक रेंगाळणार आहे, कारण या संस्थेचा खरा कस तेथे लागतो. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी शास्त्रीय संगीताला राष्ट्रीय व्यासपीठ मिळवून दिले, गायक-वादकांच्या ऑडिशनची व श्रेणींची पद्धत रुजवली, आणि त्याच आग्रहापोटी चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले. श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला ते परत आणावे लागले. केसकरांचा हट्ट श्रोत्यांवर लादलेला होता, हे मान्य. पण त्यांनी उभारलेल्या व्यवस्थेमुळेच आजही जाहिरातींच्या व्यत्ययाविना संपूर्ण राग ऐकायला मिळतो, आणि असे काही कोणतेही खासगी एफएम केंद्र देणार नाही, हेही तितकेच खरे. अमीर खाँसाहेबांच्या गावात आणि कुमार गंधर्वांच्या देवासपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या श्रोत्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. अ‍ॅपमुळे मुंबई, पुणे आणि नागपूर ही केंद्रे आता घरबसल्या ऐकता येतात. पूर्वी लघुलहरींच्या खरखरीत कान देऊन जी मराठी पकडावी लागे, ती स्वच्छ ऐकू येते.

स्थानिक केंद्राविषयी माझे मत इतके निःशंक नाही. २२ मे १९५५ रोजी सुरू झालेल्या इंदूर केंद्राची ओळख ६४८ किलोहर्ट्झवरून माळव्याच्या गावागावांत पोहोचली, ती नंदाजी आणि भेराजी यांच्या माळवी गप्पांमुळे: खत, बियाणे आणि बाजारभाव यांची चर्चा त्या जोडीने ओट्यावर बसल्यासारखी केली. आजच्या एफएमवर विविध भारतीचा बराच भाग मुंबईहून येतो. तो ऐकायला उत्तमच असतो, परंतु इंदूरचा नसतो. गुणवत्ता राखायची तर केंद्रीकरण सोयीचे असते, हे समजते. तरीही प्रत्येक प्रदेशाच्या संस्कृतीला आणि भाषेला पुरेसे स्थान द्यावे असे १९९० च्या प्रसार भारती कायद्याच्या १२ व्या कलमातच लिहिलेले असल्यामुळे, या बाबतीत मी गुण कापतो.

त्याच कलमात बातम्यांविषयीची अपेक्षाही आहे. नागरिकाला सत्य व वस्तुनिष्ठ माहिती मिळावी, परस्परविरोधी मते मांडली जावीत आणि संस्थेने स्वतः कोणत्याही विचारसरणीचा पुरस्कार करू नये, असे ते सांगते. निवांत आवाज, ओरडाआरडीचा अभाव, बातमी आणि मत यांची सरमिसळ न करणारी भाषा, हे आकाशवाणीच्या बातमीपत्राचे गुण मला मोलाचे वाटतात. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. बातम्या द्यायच्याच तर त्यांना आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे घ्यावे लागते, म्हणजे इंदूरच्या रेडिओवर बातमी एकाच मुखातून येते. अशा वेळी मंत्र्यांच्या कार्यक्रमांना मिळणारा वेळ आणि त्यांच्यावरील टीकेला मिळणारा वेळ यांतली तफावत अधिकच डोळ्यांत भरते.

याचे मूळ रचनेत आहे. कायदा १९९० चा, पण महामंडळ प्रत्यक्षात आले ते २३ नोव्हेंबर १९९७ रोजी. पगार सरकारी अनुदानातून होतात. यंत्रसामग्रीच्या आधुनिकीकरणासाठी २०२३ मध्ये मंजूर झालेले २,५३९ कोटी रुपयेही सरकारचेच. कलम २३ नुसार सरकार ठरावीक बाबतींत प्रसारणाचे निर्देश देऊ शकते, मात्र असा प्रत्येक निर्देश संसदेपुढे ठेवावा लागतो आणि ‘हे निर्देशानुसार प्रसारित होत आहे’ असे जाहीर करण्याची मुभाही संस्थेला आहे. तरतूद वाईट नाही. उणीव आहे ती देखरेखीत. कलम १३ मध्ये लोकसभेच्या १५ आणि राज्यसभेच्या ७ अशा २२ खासदारांच्या समितीची योजना आहे, पण ती कागदावरच राहिली. प्रसार भारतीच्या सुधारणांसाठी नेमलेल्या सॅम पित्रोदा समितीनेही २०१४ मध्ये लोकांना उत्तरदायी अशी यंत्रणा उभारावी असे सुचवले होते. ती होईपर्यंत एखाद्या बातमीपत्राविषयी तक्रार असलेल्या श्रोत्याला केंद्राला पत्र पाठवणे किंवा माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करणे, एवढेच करता येते. दुसरा मार्ग अधिक खात्रीचा आहे, कारण अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणे संस्थेवर कायद्याने बंधनकारक आहे.