आमच्या उपकेंद्रातले लसीकरण आणि आशाताईंच्या गृहभेटी : दहा महिन्यांचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या आमच्या गावात दोन खोल्यांचे आरोग्य उपकेंद्र आहे. लेक बाळंतपणासाठी मुंबईहून माहेरी आली आणि दहा महिने इथेच राहिली, त्यामुळे नातीच्या निमित्ताने या केंद्राची सेवा मला जवळून पाहता आली. सेवा मोफत आहे म्हणून ती कशीही असली तरी चालेल, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही.

प्रसूती तालुक्याच्या गावी रुग्णालयात झाली. तिसऱ्या दिवशी बाळाला घरी आणले, त्याच संध्याकाळी आशाताई दारात हजर होत्या. त्यांनी साबणाने हात स्वच्छ धुतले, बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन घेतले, ते 2 किलो 400 ग्रॅम भरले, आणि मग अंगडे वर सारून घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. मध्येच नात रडू लागली, तेव्हा ती शांत होईपर्यंत थांबून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजणी केली. श्वास 52 भरले. 60 किंवा त्याहून अधिक असते तर रात्रीच गाडी काढावी लागली असती. वजन अडीच किलोच्या आत असल्याने बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायला सांगितले आणि तेलपाणी, धुरी काही दिवस बंद केली. यावर माझ्या जाऊबाई दोन दिवस रुसून होत्या. पुढे 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाताई न चुकता आल्या, त्यातली एक भेट तर भर पावसात, पाखाडी चढून.

माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग सुई नसून या गृहभेटीच आहेत. 1971 मध्ये भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळे वर्षाच्या आत दगावत असत. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला आणि महाराष्ट्रात तर 16 वर. आमच्याकडे पाचवीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवी त्यावर काय लिहील याची खरी धास्ती वाटावी असा तो काळ होता, कारण विळ्याने नाळ कापलेली बाळे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच धनुर्वाताने जात. मातांना धनुर्वाताची लस मिळू लागली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, 1985 पासून सार्वत्रिक लसीकरण आले आणि गोवर, जुलाब यांचा जोर ओसरत गेला. मात्र जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू त्या मानाने सावकाश घटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 1992-93 च्या सुमारास पाच वर्षांच्या आत हजारी 109 मुले दगावत, त्यांतली सुमारे 49 पहिल्या 28 दिवसांत. 2019-21 च्या पाहणीत हेच आकडे 42 आणि 25 असे आहेत. म्हणजे आता दर पाच मृत्यूंपैकी तीन पहिल्या महिन्यातले. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही रीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या 39 गावांत सिद्ध करून दाखवली आणि 2011 पासून ती देशभरच्या आशांकडे आली.

लसीकरण सत्राबद्दल मात्र संमिश्र मत आहे. आरोग्यसेविका कुपीवरचा, उष्णता लागली की गडद होत जाणारा चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट आहे ना, हे पाहून मगच ती वापरतात, कोणती लस दिली ते सांगतात आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. बसायला एकच बाक आहे, तोही पागोळ्यांखाली.

खरी तक्रार नवव्या महिन्याची आहे. गोवर-रुबेलाच्या मात्रेसाठी गेलो, तर त्या दिवशी दोनच मुले आली होती. कुपीत अनेक मुलांपुरती लस असते आणि एकदा विरघळवलेली कुपी चार तासांनंतर टाकून द्यावी लागते, म्हणून ती न फोडताच आम्हाला परत पाठवण्यात आले. एका मुलासाठीसुद्धा कुपी फोडावी असाच नियम आहे, आणि मात्रा वाया जाण्यापेक्षा मूल महिनाभर लशीविना राहणे महाग पडते. सत्र महिन्यातून एकदाच भरते. हे मी उपकेंद्राच्या वहीत लिहून ठेवले. पुढच्या महिन्यात नातीला लस मिळाली. मागच्या खेपेला आमच्याबरोबर परत गेलेले दुसरे मूल आमच्या मागे उभ्या असलेल्या वरच्या वाडीतल्या बाईंचे होते. ते का आणले नाही म्हणून मी त्यांना विचारले, तर आता ते पुण्याला निघून गेले होते.