दोन बहिणी एक राजा: कपडे नादखुळा, गोष्ट मात्र पळापळीत

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या खोक्यात 'द अदर बोलिन गर्ल'ची डीव्हीडी सापडली, 2008 चा पिक्चर, कधी घेतलेली ते पण आठवत नाही, आणि आमचा प्लेअर चालू झाला हेच मोठं नवल. रविवारी तांबडा-पांढरा हाणून झोपायचा बेत होता, पण आई म्हणाली लाव की काय ते, मावशी पण आलेली, मग बसलो तिघं. मावशीची शनिवार पेठेत ड्रेपरी होती, शाळांच्या गॅदरिंगला आणि नाटकांना नऊवाऱ्या, जिरेटोप, मावळ्यांचे अंगरखे भाड्यानं देण्यात तिची तीसेक वर्षं गेली. त्यामुळं हा रिव्ह्यू निम्मा तिचाच समजा.

गोष्ट इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची. राणी कॅथरीनला एक मुलगी तेवढी जगली, गादीला मुलगा नाही, मग बोलिन घरातला बाप आणि ड्यूक ऑफ नॉरफोक मिळून ठरवतात की आपली अॅन राजाच्या नजरेत भरवायची. पण शिकारीला अॅनच्या मागं घोडा दामटताना राजा आपटतो, जखमेची शुश्रूषा करायला मेरी, पिक्चरमधली अॅनची धाकटी बहीण, जाते आणि राजा तिच्यावरच भाळतो, तिचं लग्न झालेलं असून. तिथनं दोघींचं जे सुरू होतं ते शेवटपर्यंत. नॉरफोक म्हणजे पोरींचा सख्खा मामा बरं का, आईनं पाच मिनिटांत निकाल दिला, "हा तर शकुनी!" सबटायटल इंग्लिश, ती पण बारीक, मी तोंडी ट्रान्सलेट करत बसलेलो.

कपडे मात्र काय सांगू! सँडी पॉवेलनं केलेत. अॅन झालेल्या नॅटली पोर्टमनचा तो हिरवा गाऊन आला तसं मावशीनं पॉज करायला लावलं आणि टीव्हीला नाक लावून बाह्या बघितल्या. म्हणे कापड अंगावर बसलंय कसं बघ, आमच्याकडं एकच अंगरखा पाचवीतल्या पोराला आणि मास्तरला दोघांना घालायचा, मागनं टाचण्या मारून. अॅन फ्रान्सहून परतल्यावर तिच्या चालण्यात आणि कपड्यांत जो तोरा येतो तो डायलॉगच्या आधीच कळतो, आणि मेरी झालेल्या स्कार्लेट जोहान्सनचे कपडे त्यामानानं गप्प, तिच्यासारखेच. पहिलं ऑस्कर देशात आणणाऱ्या भानू अथैया आमच्या कोल्हापूरच्या, 1983 साली, तेव्हा कपड्यांवर बोलायचा हक्क आम्ही कुणाला विचारून घेत नाही.

आता तक्रार. पिक्चर दोन तासांच्या आतच आहे आणि सगळं नुसतं पळतंय. खरी अॅन 1513 च्या सुमारास पोरसवदा असताना युरोपात गेली, नंतर फ्रेंच दरबारात वाढली आणि 1522 च्या आसपास परत आली, इथं तिला शिक्षा म्हणून पाठवतात आणि थोड्या वेळात ती तयार होऊन हजर, जणू क्रॅश कोर्स. हेन्री तिच्या मागं लागल्यापासनं 1533 ला लग्न होईपर्यंत सहा-सात वर्षं गेली, कॅथरीनपासनं सुटका मिळेना म्हणून पोपशी भांडण झालं, त्यात देशाचं चर्च रोमपासनं तुटलं. खरा मसाला तर तिथंच, आणि तोच इथं भर्रकन उरकलाय. शिवाय अॅनचे सख्ख्या भावाशी, जॉर्जशी, संबंध असल्याचा आरोप, जो बऱ्याच इतिहासकारांना बनावट वाटतो, तो पिक्चरवाले निम्मा खरा करून दाखवतात, ते मला अजिबात पटलं नाही. शेवटी मेरी दरबारातनं अॅनच्या लहानग्या मुलीला, एलिझाबेथला, उचलून चालायला लागते, बघायला छान वाटतं, पण तसं काही घडलेलं नाही.

अॅक्टिंग पोर्टमनची एक नंबर, 19 मे 1536 च्या, अॅनच्या शिरच्छेदाच्या त्या सीनला तर आईनं ट्रान्सलेशन पण मागितलं नाही. एरिक बानाचा हेन्री नुसता खांदे रुंद करून कावलेला. बेनेडिक्ट कंबरबॅच मेरीचा नवरा आहे, पण डोळा लागला तर चुकेल एवढाच. आईचं काम करणारी क्रिस्टिन स्कॉट थॉमस मला सगळ्यात आवडली, पोरींचा बाजार मांडलाय हे घरात तिला एकटीलाच दिसतंय.

मध्येच मावशी म्हणाली, यात काय नवीन, आपल्या पन्हाळ्यावर हेच झालं की. खरं आहे, 1714 ला राजसबाईनं ताराराणीला आणि तिच्या मुलाला, शिवाजीला, कैदेत टाकून आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं, म्हणजे सवती-सवतींचं आणि सावत्र भावांचं. पण फरक एवढाच की इथं बायका स्वतः डाव मांडत होत्या आणि तिथं बोलिनच्या पोरी बाप-मामाच्या हातातल्या सोंगट्या. अॅन स्वतः खेळायला लागते तोच भाग पिक्चरमध्ये सगळ्यात जिवंत आहे, आणि तोच घाईत संपवलाय.

यावरनं आई आणि मावशीची जुंपली, मेरी बावळट का अॅन आगाऊ. आई थोरली, मावशी धाकटी, कोण कुणाच्या बाजूनं ते सांगायला नको, 1980 च्या कुठल्यातरी शालूपर्यंत विषय गेला. मी गप चहा टाकला.

पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन कपड्यांचे. डीव्हीडी मावशी घेऊन गेली, नातीच्या गॅदरिंगला तसल्या बाह्या शिवून बघणार म्हणे.