चार शनिवार, एकच काळ: फ्रेंच ‘काँदिस्योनेल प्रेझाँ’च्या ऑनलाइन वर्गाविषयी

शाळेत आठवी ते दहावी संस्कृतऐवजी फ्रेंच घेतलेल्या पुण्यातल्या अनेकांप्रमाणे मीही क्रियापदांचे तक्ते घोकून भरपूर गुण मिळवले होते. कॅनडात स्थलांतरासाठी ग्राह्य धरल्या जाणाऱ्या तेफ कॅनडा या फ्रेंच परीक्षेची तयारी सुरू केल्यावर मात्र लक्षात आले की तक्ता पाठ आहे, पण बोलायची वेळ आली की तोंडून वर्तमानकाळाखेरीज काही निघत नाही. सर्वात मोठी अडचण ‘काँदिस्योनेल प्रेझाँ’ची, म्हणजे शाळेत ज्याला आम्ही नुसते ‘कंडिशनल’ म्हणत असू त्या, ‘अमुक झाले असते’ असा अर्थ देणाऱ्या रूपाची होती. म्हणून याच एका विषयाला वाहिलेला एका शिक्षिकेचा ऑनलाइन वर्ग लावला. चार शनिवार, दर वेळी दोन तास, पंधरा जणांची तुकडी, शुल्क ३,२०० रुपये आणि सोबत ४० पानांची स्वाध्यायपुस्तिका, असे त्याचे स्वरूप होते. वर्ग संपून तीन आठवडे झाले. त्यातले काय अंगवळणी पडले आणि काय नाही हे आता सांगता येईल.

रूपे शिकवण्याची पद्धत उत्तम होती, यात शंका नाही. शिक्षिकेने पहिल्या दिवशी तक्ता दाखवलाच नाही. आधी लॅटिन ‘कांतारे हाबेबाम’ हे दोन शब्द फळ्यावर लिहिले, म्हणजे ‘गाणे’ हे मूळ क्रियापद आणि त्याला जोडलेला ‘असणे, जवळ असणे’ या क्रियापदाचा अपूर्ण भूतकाळ. या जोडणीतूनच फ्रेंचमधले ‘शाँत्रॅ’ (‘मी गायलो असतो’) हे रूप झिजत झिजत आले. हे एकदा कळले की भविष्यकाळाचे अंग (म्हणजे प्रत्ययाआधीचा भाग) आणि अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय असा हा संकर का आहे, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. भविष्यकाळ ज्याला येतो त्याला अनियमित अंगेही आयतीच मिळतात. ‘एत्र’ (असणे)चे ‘सर्’, ‘आव्वार’ (जवळ असणे)चे ‘ओर्’, ‘आले’ (जाणे)चे ‘इर्’, ‘फॅर’ (करणे)चे ‘फर्’, ‘पुव्वार’ (शकणे)चे ‘पुर्’, ‘वुल्वार’ (हवे असणे)चे ‘वुद्र्’, अशी ही यादी वर्णानुक्रमे न देता रोजच्या बोलण्यात जे आधी लागते त्या क्रमाने दिली होती. ही गोष्ट छोटी वाटते, पण तिच्यामुळे पहिल्याच तासाला सगळ्यांच्या तोंडी ‘ज वुद्रॅ’, म्हणजे ‘मला हवे होते’, आले.

उच्चारांवर खर्च केलेला दुसरा शनिवार मला सर्वात मोलाचा वाटला. लिहिताना सहा पुरुषांसाठी पाच वेगवेगळे प्रत्यय दिसतात; पण बोलताना ‘ज’ (मी), ‘त्यू’ (तू), ‘इल’ (तो) आणि अनेकवचनी ‘इल’ (ते) या चौघांचा शेवट सारखाच ऐकू येतो. त्यामुळे कान ठेवायचा तो ‘र’वर. ‘इल माँजॅ’ म्हणजे तो खात होता आणि ‘इल माँजरॅ’ म्हणजे त्याने खाल्ले असते. मध्ये फक्त एक र आहे. ‘कुरीर’ म्हणजे धावणे, या क्रियापदात तर दोन्ही रूपांत र असतोच, फरक एवढाच की एकात तो एकेरी आणि दुसऱ्यात दुहेरी. शिक्षिकेने ही जोडी आमच्याकडून वीसेक वेळा म्हणवून घेतली. ‘आम्ही’च्या रूपातली एक बारीक गोष्ट तर मी इतक्या वर्षांत प्रथमच ऐकली. भविष्यकाळात ‘शाँत्रों’ म्हणताना मधला स्वर गिळला जातो, पण काँदिस्योनेलमध्ये ‘शाँतरियों’ म्हणताना तो गिळता येत नाही, कारण त, र आणि य एकत्र आले की जीभ अडखळते. ‘तुम्ही’च्या रूपालाही हेच लागू. मी ‘शाँत्रियों’ असे काहीतरी म्हणत असे आणि समोरचा फ्रेंच माणूस क्षणभर थांबत असे, त्याचे कारण आता कळले.

तिसरा शनिवार शिष्टाचाराचा. तेफ कॅनडाच्या तोंडी परीक्षेच्या पहिल्या भागात एखाद्या जाहिरातीच्या संदर्भात फोन करून पाच मिनिटांत माहिती काढायची असते आणि दुसऱ्या भागात मित्राचे मन वळवायचे असते. पहिल्याला ‘पुरिये-वू’ (‘तुम्ही … शकाल का?’) हवे, दुसऱ्याला ‘त्यू दव्रॅ’ (‘तू … करायला हवेस’) हवे. हा सराव जोड्या लावून झाला. माझ्या जोडीदाराने पोहण्याच्या तलावाला फोन केला आणि सुरुवातच ‘ज वू’ने, म्हणजे ‘मला पाहिजे’ने केली. शिक्षिकेने त्याला लगेच थांबवले: ही विचारणा झाली नाही, ही मागणी झाली. मला त्या क्षणी मंडईतली भाजीवाली आठवली. तिच्यासमोर उभे राहून आपण ‘दहा रुपयांची कोथिंबीर हवी होती’ असेच म्हणतो. कोथिंबीर आत्ता हवी असते, तरी क्रियापद भूतकाळात ढकलून आपण मागणीची धार कमी करतो. फ्रेंच माणूस ‘ज वुद्रॅ’ म्हणून हेच करतो. एवढे एक वाक्य वर्गात सांगितले असते, तर त्या जोडीदाराला पुढेही पुन्हा पुन्हा टोकावे लागले नसते.

इथेच या वर्गाविषयीची माझी मुख्य तक्रार सुरू होते. वर्गात मराठी बोलायला बंदी होती. पंधरापैकी निदान दहा जण मराठी होते, शिक्षिकाही मराठीच. भाषा त्या भाषेतूनच शिकवावी हा आग्रह मला तत्त्वतः मान्य आहे. परंतु चौथ्या शनिवारी ‘सी’ने, म्हणजे ‘जर’ने, सुरू होणारी वाक्ये आली तेव्हा या आग्रहाची किंमत आम्ही मोजली. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतले असते’ हे वाक्य फ्रेंचमध्ये करायला सांगितल्यावर तुकडीतल्या सात-आठ जणांनी अगदी एकसारखी चूक केली: ‘सी जोरॅ द लार्जाँ, जोरॅ आश्ते यून मॅझों’. शिक्षिकेने पडद्यावर लाल रेघ ओढली, ‘ले सी नॅम पा ले रॅ’, म्हणजे ‘सी’ला ‘रॅ’ (काँदिस्योनेलचा शेवट) आवडत नाही, हे फ्रेंच मुलांना शिकवले जाणारे घोषवाक्य सांगितले आणि त्या पुढे गेल्या.

घोषवाक्य चांगले आहे. फ्रेंच मुलेही हीच चूक करतात, म्हणून तर ते आहे. पण आमची चूक त्या मुलांची नव्हती, ती मराठीतून आलेली होती आणि ती दुहेरी होती. मराठीत ‘असते’ हे रूप वाक्याच्या दोन्ही बाजूंना येते, म्हणून आम्ही फ्रेंचमध्येही दोन्हीकडे ‘रॅ’ लावला. शिवाय मराठीतले ते एकच वाक्य आजच्या अशक्य इच्छेसाठीही चालते आणि पाच वर्षांपूर्वी हुकलेल्या संधीसाठीही. फ्रेंचला हा मोघमपणा चालत नाही. आज पैसे नाहीत, तर ‘सी जावॅ द लार्जाँ, जाशॅत्रॅ यून मॅझों’, म्हणजे एकीकडे अपूर्ण भूतकाळ आणि दुसरीकडे काँदिस्योनेल प्रेझाँ. तेव्हा पैसे नव्हते, तर दोन्ही क्रियापदे आणखी एक पायरी मागे जातात. मराठी माणसाने आधी स्वतःला ‘आज की तेव्हा?’ असे विचारले पाहिजे. तो प्रश्न मराठी त्याला विचारत नाही. ही फोड शिक्षिकेला येत नसेल असे मला मुळीच वाटत नाही. त्यांनी स्वतः घातलेल्या नियमाने त्यांचेच हात बांधले गेले.

याच्या उलट, जिथे मराठी आम्हाला वाचवू शकली असती ती जागाही सुटली. ‘सी’चा एक अर्थ ‘जर’ आहे आणि दुसरा ‘का’. या दुसऱ्या अर्थानंतर ‘रॅ’ बिनदिक्कत येतो. ‘तो येईल का, असे मी त्याला विचारले’ याचे ‘ज लुई ए दमाँदे सिल व्याँद्रॅ’ होते आणि ते शुद्ध आहे. घोषवाक्य ताजे असल्यामुळे वर्गातल्या एका मुलीने हे बरोबर वाक्य खोडून चुकीचे केले. जिथे मराठीत ‘का’ येते तिथे नियम लागू नाही, एवढे सांगितले की काम झाले असते.

उरलेले उपयोग घाईत आटोपले. त्यात वृत्तपत्री वापराला दिलेली दहा मिनिटे फारच अपुरी होती. ‘ल स्युस्पॅ सरॅ आँ फ्युइत’ याचा अर्थ संशयित फरार असता असा नसून ‘संशयित फरार असल्याचे समजते’ असा आहे. बातमीदार जबाबदारी स्वतःवर न घेता क्रियापदावर टाकतो, जसे आपण बोलताना ‘म्हणे’वर टाकतो. फ्रेंच बातम्या वाचणाऱ्याला हे रोज भेटते. भातुकलीतला काँदिस्योनेल तर आलाच नाही. फ्रेंच मुले ‘मी बाई असते, तू विद्यार्थी असतास’ अशा रूपात खेळ ठरवतात. आपली मुले ‘मी आई झाले हं’ म्हणतात.

स्वाध्यायपुस्तिका मध्यम आहे. ऐकण्याचे स्वाध्याय चांगले, पण ध्वनिमुद्रण घुमते आणि जिथे एका र वर सगळे अवलंबून आहे तिथे हा दोष किरकोळ नाही. उत्तरसूचीत ‘फॅर’चे ‘आम्ही’चे रूप एका ठिकाणी मूळ क्रियापदातला आय ठेवून छापले आहे, ते एफ-ई-आर असेच हवे. ‘प्रेफेरे’ (पसंत करणे)च्या रूपावरची आघाती खूण पुस्तिकेत जुन्या पद्धतीने दिली आहे. ती चूक नाही, परंतु १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर दुसरी खूणही ग्राह्य आहे, याची टीप हवी होती.

ज्यांना भविष्यकाळ पक्का येतो आणि बोलताना अडते, त्यांनी हा वर्ग जरूर लावावा. अगदी नवख्यांनी पैसे वाया घालवू नयेत. चित्रफिती साठ दिवस पाहता येतात. मी दुसऱ्या शनिवारची तीनदा पाहिली, आणि चौथ्या शनिवारच्या वहीत प्रत्येक फ्रेंच वाक्यासमोर मराठी वाक्य लिहून त्याच्याखाली ‘आज’ किंवा ‘तेव्हा’ अशी खूण केली आहे.