लग्नपत्रिकांच्या दुकानात लिनक्स मिंट: फुकट आहे, पण आधी आपले फाँट बघा

आमचं दुकान कराडला. लग्नपत्रिका, बिलबुकं, यात्रेची हँडबिलं, दहाव्याच्या पत्रिका. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, खिळे जुळवून सुरू केलेला प्रेस. आता डीटीपी आणि स्क्रीन प्रिंटिंग घरात होतं, ऑफसेटचं काम बाहेरून करून घेतो. सेटिंग मी करते, स्क्रीन हे ओढतात, आणि प्रूफ अजूनही आबाच वाचतात.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) हवं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आमच्याकडे चौथ्या पिढीचे आय-थ्री, 8 जीबी रॅम, एसएसडी टाकलेली. मशीनं उत्तम चालतात, पण त्या यादीत बसत नाहीत. सगळी नवीन घ्यायची तर अख्ख्या लग्नसराईची कमाई तिकडेच. पुण्याचे भावजी म्हणाले, "वहिनी, मिंट टाकून बघू."

लिनक्स मिंट 22 टाकलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं आहे, अपडेट 2029 पर्यंत मिळणार. पैसे शून्य. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता, आणि हे प्रत्येकाने करावंच. खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, फोल्डर जिथे असायला हवेत तिथे. दुकानात कामाला येणारी मुलगी पहिल्याच दुपारी व्हॉट्सॅप उघडून फोटो घेऊ लागली. सिस्टीमबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. चालते.

खरा प्रश्न फाँटांचा. आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं जे मराठी टाइप झालंय, ते जुन्या फाँटांत. त्या फाइलमध्ये 'क' नसतोच, इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फाँट असेल तर पत्रिका, नसेल तर स्क्रीनवर नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. ते टायपिंगचं सॉफ्टवेअर डाँगलवर (संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालतं आणि फक्त विंडोजवर. फाँटच्या फाइली मिंटमध्ये टाकता येतात, जुना मजकूर दिसतोही, पण त्यात नवीन टाइप कसं करायचं? म्हणजे युनिकोडवर, जिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, यायला पर्याय नाही.

आणि इथेच मला या बदलाचा फायदा कळला, जो भावजींनाही सुचला नव्हता. हल्ली पार्टी मॅटर कागदावर देते कुठे? नवरदेवाचा मामा व्हॉट्सॅपवर मराठीत टाइप करून पाठवतो, ते सगळं युनिकोड. पूर्वी मी तेच जुन्या फाँटात पुन्हा बडवायचे, नाहीतर कन्व्हर्टरमधून काढायचे. कन्व्हर्टरमध्ये पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायची, रफार हलायचा, आणि 'ऱ्ह', 'ऱ्य' आलं की हमखास घोळ. आता आमचं गावच कोणी कराड लिहितं, कोणी कऱ्हाड. शिवाय कुऱ्हाडे पाहुणे असतातच. पत्रिकेत आडनाव चुकलं की छपाई वाया आणि वर बोलणी. आता मामांचा मजकूर थेट चिकटवते. निमंत्रकांची ती लांबलचक यादी पुन्हा टाइप करायची नाही, हा एवढा फायदा मला पुरेसा आहे.

सेटिंग स्क्राइबस या पान जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. त्याची 1.6 ही आवृत्ती 2024 च्या सुरुवातीला आली, त्यात जोडाक्षरं नीट जुळतात. जुन्या आवृत्तीवर मराठी बघून नाक मुरडलं असेल तर पुन्हा बघा. सीएमवायके (छपाईच्या चार रंगांची) पीडीएफ निघते, ऑफसेटवाला काही न विचारता प्लेट काढतो. बॉर्डर, कलश, गणपती यांसाठी इंकस्केप हे चित्रांचं सॉफ्टवेअर. ते रंग आरजीबीतच (स्क्रीनच्या रंगांत) ठेवतं, म्हणून अंतिम पान नेहमी स्क्राइबसमधून काढायचं. जुन्या सीडीआर (कोरलड्रॉच्या) फाइली इंकस्केपमध्ये उघडतात, पण उघडतात म्हणजे चित्र येतं, अक्षरं मात्र इकडेतिकडे होतात. पेजमेकर या जुन्या पान जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या फाइली लिब्रेऑफिस (वर्डसारखं फुकट ऑफिस) उघडतं, हे ऐकून मी उडालेच होते. पण जुन्या फाँटाचं दुखणं तिथेही सुटत नाही. चालू गिऱ्हाइकांची बिलबुकं तेवढी मी नव्याने बसवून घेतली, बाकीच्यांच्या नादी लागले नाही.

फाँट मुक्त, नोटो आणि बलू वापरते. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडायला विसरू नका, नाहीतर काही फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. आबांनी ते चष्मा न लावता पकडलं. "हा ल आपला नाही," एवढंच म्हणून प्रूफ परत. तरीही खरं सांगते, पत्रिकेवर नावांना लागतात तसे नखरेल, वेलबुट्टीचे फाँट युनिकोडमध्ये अजून कमी आहेत. जुन्या सीडीवरची ती श्रीमंती इथे नाही.

टायपिंगसाठी आयबस या लिनक्सवरच्या सोयीत इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन (टाइपरायटरसारखा) हे दोन्ही कीबोर्ड मिळतात. टाइपरायटरच्या परीक्षा दिलेल्यांनी रेमिंग्टन घ्यावं, दोनचार चिन्हं सवयीच्या जागी नसतील. आबांचं यावर मत असं की खिळ्यांच्या खणातला रफार संपला तर आम्ही वाक्यच बदलायचो, तुम्हाला बटण सापडत नाही म्हणून काय रडता.

प्रिंटरने मात्र छळलं. गल्लोगल्लीच्या दुकानांत दिसतो तसला एक छोटा लेझर आमच्याकडे होता, त्याचा ड्रायव्हर काही केल्या नीट बसेना. अर्धं पान निघायचं आणि गप्प. स्क्रीनसाठी ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढायचं तर काळा गच्च हवा, तिथे अंदाजपंचे चालत नाही. शेवटी तो विकून जुन्या बाजारातला दुसरा घेतला, जो केबल लावताच ओळखला गेला. म्हणून म्हणते, पेनड्राइव्हवरून चालवाल तेव्हाच प्रिंट काढून बघा, आणि तेही मराठी मजकुराचं पूर्ण पान.

हिशेब अजून विंडोजवरच आहे. टॅलीची लिनक्ससाठी आवृत्ती नाही, आणि आमचे सीए दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये चालतं, पण वह्या टॅलीत. म्हणून एक मशीन तसंच ठेवलंय, इंटरनेट काढून. जुना डाँगलही त्यालाच लावलाय. कोणी दहा वर्षांपूर्वीचं बिलबुक घेऊन आलं की ते मशीन चालू करते.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा प्रिंटरने खाल्ला, एक नखरेल फाँटांनी. तुमचं काम मुख्यतः टायपिंग, बिलबुकं, साध्या पत्रिका असं असेल तर खुशाल जा, पण लग्नसराईत नाही, पितृपक्षात करा, तेव्हा कामं कमी असतात. आणि रोज दुसऱ्या दुकानांतून सीडीआर फाइली येत-जात असतील, फ्लेक्सवाल्याला तीच फाइल द्यावी लागत असेल, तर तूर्त राहू द्या.