कुंभारवाड्याचं गाडगं : गॅलरीतल्या देशी बागेसाठी

जून ते सप्टेंबर मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि मग मे संपेपर्यंत फारसा पाऊस नाही. इथली देशी झुडपं या आठ कोरड्या महिन्यांना सरावलेली आहेत, पण जमिनीत. कुंडीत मुळांना ओल शोधत खाली जायला वावच नसतो. त्यावर धारावीच्या कुंभारवाड्यात मिळणारं दीड-दोन लिटरचं साधं, बिनरंगाचं गाडगं कुंडीच्या मातीत पुरून पाण्याने भरून ठेवणं हा सगळ्यात चांगला उपाय आहे. गॅलरीसाठी तरी ते ठिबकच्या संचापेक्षा सरस ठरतं: टायमर नाही, तुंबणारे ड्रिपर नाहीत, नळाला जोडणी नाही. याच कामासाठी ऑनलाइन मिळणाऱ्या तयार ‘ओला’ (olla) भांड्यांपेक्षा ते कितीतरी स्वस्तही पडतं.

तत्त्व माठाचंच आहे. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. गाडगं मानेपर्यंत मातीत पुरलं की भोवतालची माती सुकेल तसं पाणी ओढून घेते आणि माती ओली असली की पाझर मंदावतो.

निवडताना बोटाच्या पेराने ठोकून बघावं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. पोट मोठं, तोंड अरुंद आणि बुडाला भोक नसलेलं घ्यावं. रंग, वॉर्निश किंवा चकाकी असलेलं अजिबात नको, छिद्रं बुजलेली असतात. घरी आणल्यावर पाणी भरून फरशीवर ठेवावं. तास-दोन तासांत बाहेरून दमट झालं पाहिजे. कोरडंच राहिलं तर ते जास्त भाजलं गेलंय, आणि खाली थारोळं साचलं तर पाणी टिकणार नाही. दोन्ही परत करावीत. खरेदी उन्हाळ्यात, माठांच्या हंगामात करावी. दिवाळीआधी सगळे पणत्यांच्या घाईत असतात.

टब निदान १८ इंच रुंद आणि १५ इंच खोल हवा. ओल्या मातीसकट त्याचं वजन शंभर किलोच्या आसपास जातं, म्हणून तो कठड्याला न लावता घराच्या भिंतीकडे ठेवावा. दोन भाग लाल माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग जाडी वाळू. नुसतं कोकोपीट भरलं की फसगत होते: ते सुकून आकसतं, गाडग्यापासून सुटतं आणि मधल्या पोकळीतून पाणी मातीत उतरत नाही. पुरताना गाडग्याभोवती माती हाताने दाबत जावं. मान मातीच्या वर दोन बोटं, तोंडावर मातीचं झाकण (परळ) किंवा उलटी मोठी पणती. रोपं गाडग्यापासून वीतभराच्या आत हवीत. काटेकोरांटी, कढीपत्ता, निर्गुडी आणि मोठा टब असेल तर धायटी. धायटीची लाल फुलं कोरड्या दिवसांतच येतात, तेव्हा शिंजीर पक्षी हमखास फिरकतात. वरून दोन इंच पालापाचोळा पसरावा.

याचा खरा फायदा पाणीबचतीहून मोठा आहे. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर कधी पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो. तो बहुतेकदा मॉर्मन फुलपाखराचा लहान सुरवंट असतो. रोज पाइपने फवारा मारला तर अंडी आणि असे सुरवंट धुऊन जातात, पाचोळाही विस्कटतो. गाडगं पानांना हातच लावत नाही.

मर्यादा आहेत. पालक, पुदिना, बियांची पेरणी यांना ते निरुपयोगी, कारण वरचा थर कोरडाच राहतो. नव्या रोपांनाही पहिले तीन आठवडे वरून पाणी घालावंच लागतं. उंच मजल्यावर वारा फार असेल तर दर दोन-तीन दिवसांनी भरावं लागतं, गावाला जायचं तर शेजारी सांगूनच जावं. पालिकेचं पाणी मऊ असतं, पण टँकर-बोअरच्या पाण्याने क्षार साचून पाझर मंदावतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून रात्रभर भिजवावं आणि नारळाच्या काथ्याने घासावं, साबण लावू नये. शेणपाणी, जीवामृत गाडग्यात ओतलं तर छिद्रं गाळाने बुजतात. ते मातीवरच घालावं.

झाकणाशिवाय गाडगं म्हणजे डासांना आमंत्रण. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात तर ओल्या मातीतून पाणी आत झिरपतं आणि गाडगं रिकामं राहतच नाही, म्हणून मृग लागायच्या आत ते उपसून काढावं. भोवती गुंडाळलेली बारीक मुळं कात्रीने कापली तरी चालतात, पावसात ती भराभर फुटतात. खड्डा पाचोळ्याने भरून ठेवावा, ऑक्टोबरात गाडगं पुन्हा बसवेपर्यंत त्याचं खत झालेलं असतं.