आठ महिने छऱ्याची बंदूक: डबीवरचा वेग विसरा, नळीला काय मानवतं ते बघा

दिवाळीनंतर घेतलेल्या एअरगनला आता आठ महिने झाले. 4.5 मिलिमीटरची, नळी मोडून स्प्रिंग ताणायची साधी बंदूक. बंदुकीबद्दल सगळे विचारतात, छऱ्यांबद्दल कोणीच नाही. आणि माझे पैसे वाया गेले ते छऱ्यांत.

आधी एक सांगून टाकतो, कारण अमळनेरला चहाच्या टपरीवरही हाच प्रश्न येतो: "काय भो, ससा पडला का?" नाही पडला, पडणारही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे आणि आपला रानातला ससा त्यात संरक्षित आहे. छऱ्याने मारा नाहीतर फाशात धरा, गुन्हाच. 2016 च्या शस्त्र नियमांत 4.5 मिलिमीटर आणि 20 जूलपर्यंत (जूल म्हणजे छऱ्याच्या जोराचं माप) असलेल्या एअरगनला परवान्यातून सूट आहे, त्यावरून लोक समजतात की शिकारीलाही सूट आहे. ससा हरभऱ्याचे शेंडे खातो हे खरं. त्यासाठी आम्ही बांधाला जाळी लावली, विषय संपला. माझी बंदूक फक्त कागद फाडते.

तरीही या सगळ्याची सुरुवात सशापासूनच झाली. माझा चुलतभाऊ न्यूझीलंडला ओटागो भागात द्राक्षमळ्यावर कामाला आहे. तिथला ससा वेगळा. आपला ससा गवतात नुसता दबून बसतो, बीळ करत नाही. तिथला युरोपातून नेलेला, बिळं करून राहणारा. एकोणिसाव्या शतकात माणसांनीच नेला आणि त्याने डोंगर बोडके केले. तिथे त्याची गणना उपद्रवी प्राण्यांत होते आणि बंदोबस्ताची जबाबदारी जमीनमालकाची. भावाने तिथलं रीतसर लायसन्स काढलं, तरी मुकादमाने त्याला महिनाभर सशावर गोळी झाडू दिली नाही. आधी कागद. सशाच्या डोक्यात नेम धरायची जागा जेमतेम इंचभराची. तेवढ्या गोलात पाचपैकी पाच गोळ्या जिथून बसतील, तेवढंच तुझं अंतर. त्यापुढचा ससा सोडून द्यायचा, कारण पोटात गोळी लागलेला ससा बिळात शिरतो आणि आत तडफडत मरतो.

ही कसोटी मी जशीच्या तशी उचलली. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं. ते वहीच्या कागदावर ठेवून पेनाने गोल मारायचा आणि पाच छर्रे झाडायचे. चार बसले तर नापास.

जागा खळ्याच्या कडेला, मागे मातीचा उंच बांध. सुरुवातीला कागदामागे काळ्या मातीचं पोतं ठेवलं होतं. आपली काळी माती वाळली की ढेकूळ म्हणजे दगड! एक छर्रा उलटून माझ्या नडगीवर आला. तेव्हापासून वाळूची दोन पोती आणि डोळ्यांना चष्मा. भावाला सांगितलं तर म्हणे, त्याच्या .22 रायफलची (.22 इंची नळीची, बारुदाची) हळू जाणारी शिशाची गोळी ओटागोच्या खडकावरून अशीच उडते, फक्त ती किलोमीटरभर जाऊ शकते. म्हणून मागे माती दिसल्याशिवाय तो घोडा दाबत नाही.

आता छर्रे. एकूण पाच डब्या.

पहिली सर्वांत स्वस्त, सुटी मिळणारी. दहा मीटरवर बरी, वीसवर एक इकडे, एक तिकडे. मला वाटलं माझाच हात हलतो. व्हिडिओ कॉलवर भावाला कागद दाखवला तर तो म्हणाला, "बंदूक बरी शे भो, छर्रे तोलीसन पाह्य." जळगावला सराफ बाजारात माझा मित्र आहे. त्याच्या काट्यावर ग्रॅमचा शंभरावा भाग कळतो. ज्या ताटलीत तो नथीचे मोती तोलतो, तिच्यात शिसं ठेवू देईना. शेवटी कागद अंथरून एकेक छर्रा ठेवला. 0.44, 0.51, 0.47, 0.53. एका डबीतले सख्खे भाऊ म्हणवणारे छर्रे आणि वजनात एवढा फरक! मित्र म्हणाला, असं सोनं विकलं तर गिऱ्हाईक दुकान फोडेल.

दुसरी डबी मिश्रधातूची, हलकी, झाकणावर ठळक अक्षरात सेकंदाला 1,250 फूट वेग. हीच मी सर्वांत हौसेने घेतली होती. हलक्या छऱ्यामुळे पिस्टन आत जाऊन आपटतो, आवाज कडक येतो, हाताला झटका बसतो आणि भोकं कागदभर. वीस छऱ्यांनंतर डबी बंद केली ती बंदच.

तिसरी टोकदार. दिसायला शिकारी, पण पंचवीस मीटरवर नाण्यात पाचपैकी दोन. चौथी चपट्या तोंडाची, स्पर्धेत वापरतात ती. दहा मीटरवर हिच्यासारखी नाही. गोल, स्वच्छ भोक पडतं, मोजायला सोपं. दहा मीटरच्या एअर रायफल स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं, ते याच छऱ्यांनी साधतात. पण वीस मीटरच्या पुढे चपटं तोंड हवेला अडतं आणि पसारा वाढतो.

पाचवी गोल डोक्याची, 8.44 ग्रेनची (ग्रेन हे छऱ्या-गोळ्यांच्या वजनाचं माप). काट्यावर जवळजवळ सगळे 0.54 ते 0.55 ग्रॅम. पंचवीस मीटरवर पाचही नाण्यात, तेही लागोपाठ तीन कागदांवर. तीसवर चारच. म्हणजे माझं अंतर पंचवीस, विषय संपला. तुमच्या बंदुकीला कदाचित दुसराच छर्रा मानवेल, म्हणून माझं ऐकून पाचशेची डबी घेऊ नका. आधी दोन-तीन प्रकार थोडे थोडे आणून झाडून बघा.

भावाचा अनुभव गंमत म्हणजे हाच निघाला. त्यानेही आधी जास्त वेगाच्या, सेकंदाला साधारण 1,250 फूट जाणाऱ्या गोळ्या घेतल्या. त्या आवाजाच्या वेगापुढे निघतात, कडाका वाजतो, बाकीचे ससे पसार. वाटेत वेग उतरून आवाजाच्या वेगाखाली येताना गोळी डगमगते ती वेगळीच. आता तो 40 ग्रेनची, 1,050 फुटांच्या आसपासची सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू जाणारी गोळी वापरतो, टोकाला पोकळी असलेली. भरीव गोळी आरपार निघून जाते, पोकळ टोकाची आत फुलते आणि ससा जागेवर पडतो. तोटा एकच, गोळी लवकर खाली येते. पन्नास मीटरला नेम बसवला असेल तर पंचाहत्तरला नऊ-दहा सेंटिमीटर खाली. सशाच्या डोक्याऐवजी पाय. म्हणून तो साठच्या पुढे जात नाही. 2002 साली आलेली .17 एचएमआर ही बारीक, वेगवान गोळी लांब जाते, पण महाग, आणि अंगावर बसली तर मांसाचा चेंदा करते. खायचा असेल तर काय उपयोग?

.22 च्या काडतुसात बारूद पेटवणारं रसायन त्याच्या काठात असतं, त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. कधी कधी फुसकंही निघतं. तेव्हा तोंड सुरक्षित बाजूला धरून तीसेक सेकंद थांबायचं, लगेच उघडायचं नाही.

आता माझी चूक. जानेवारीत बंदूक कुरकुरते म्हणून नळीच्या मागच्या भोकात मशीनचं तेल सोडलं, शिवणयंत्राचं. पहिल्याच छऱ्याला धूर आणि फटाक्यासारखा बार! दाबाने आतलं तेल पेटतं. छर्रा कुठे गेला कळलं नाही आणि पुढचे दोन आठवडे नेम बसला नाही. दुरुस्तीवाल्याने वॉशर बदलला आणि वर चार शब्दही ऐकवले.

आणखी एक. डबी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवू नका. शिसं मऊ असतं, खड्ड्यांत आपटून छऱ्याचा मागचा घेर चेपतो. मी आता जुन्या मोज्यात गुंडाळून घरातच ठेवतो. छर्रे तोंडात धरायची सवय असेल तर आजच सोडा. हात साबणाने धुतल्याशिवाय आई मला दादर ज्वारीच्या भाकरीला हात लावू देत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

2024 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं, तेव्हापासून गावातली पोरं खळ्यावर येऊन बसतात. त्याच्या .22 रायफलच्या कागदावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, पन्नास मीटरवर! त्यांना मी आधी कागद मोजायला लावतो. निम्मे तिथेच कंटाळून जातात.

पाचवी डबी संपत आली आहे. दुकानात त्याच लॉटची, म्हणजे त्याच खेपेत बनलेली मागितली तर दुकानदार हसला, म्हणे छऱ्याला लॉट कोण विचारतं. त्याला झाकणाच्या मागचा नंबर लिहून दिला आहे, पुढच्या सोमवारी फोन करणार आहे.